पाणी पडलं की मागा : गावाकडच्या दुकानासाठी गुगल रिव्ह्यू मिळवायची रीत

अंबाजोगाईत माझं मोटार वाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार भरून द्यायचं, दुकान आहे. पानबुडी (पाण्यात बुडवून चालणारी मोटार), मोनोब्लॉक, घरातला अर्ध्या एचपीचा पंप, पिठाच्या गिरणीची मोटार, जे येईल ते भरून देतो. केज, धारूर, परळी, रेणापूर अशा चारी बाजूंनी गिऱ्हाईक येतं. आमच्या धंद्यात नाव व्हायचं ते पारावर आणि चहाच्या टपरीवर. एकाच्या हिरीवरची मोटार नीट चालली की शेजारचा आपली जळालेली मोटार घेऊन त्याच दुकानात हजर. त्यामुळे पाटी रंगवून घेण्यापलीकडे जाहिरातीसाठी मी कधी काही केलं नव्हतं.

मग एका उन्हाळ्यात माझं जुनं गिऱ्हाईक नुसतं स्टार्टरचं रिले मागायला आलं. मोटार कुठं भरली विचारलं, तर नाव दुसऱ्याचं निघालं. "मी कुठं आलो व्हतो भाऊ? पोरानं पिकअपवाल्याजवळ दिली पाठवून. त्यानं मोबाइलवर बघितलं, जिथं तारे जास्त दिसले तिथं उतरवली." मला आयुष्यात कधी न भेटलेल्या ड्रायव्हरनं माझं जुनं गिऱ्हाईक दुसरीकडं नेऊन सोडलं होतं. घरी जाऊन मोबाइलवर बघितलं तर माझ्या दुकानाला दोन रिव्ह्यू. त्यातला एक माझ्याच पुतण्याचा.

तेव्हापासून जे केलं, त्यात जे बिघडलं आणि पुढे जे जमलं, ते इथं ओळीनं लिहितो. उदाहरणं मोटारीची आहेत, पण खानावळ, शिवणकाम, ट्रॅक्टर गॅरेज, खत-बियाण्याचं दुकान, कुणालाही हीच रीत चालेल.

हाताशी काय असावं

- दुकानाच्या कामासाठी वेगळं जीमेल खातं. पासवर्ड वहीत लिहिलेला.
- बाहेरून दिसणारी पाटी. तिच्यावरचं नाव आणि गुगलवरचं नाव एकच.
- कागद म्हणून शॉप ॲक्टची पावती, उद्यम नोंदणी, असेल तर जीएसटी आणि दुकानाचं लाइट बिल. हे कागद नेहमी मागतातच असं नाही, पण अडलं तर हेच कामाला येतात.
- चालू नंबरावर व्हॉट्सॲप बिझनेस.
- गिऱ्हाइकांची वही. नाव, गाव, नंबर, काम, तारीख.

शॉप ॲक्टबद्दल एक सांगून ठेवतो. २०१७ च्या कायद्याप्रमाणे दहापेक्षा कमी (२०२५ च्या दुरुस्तीनंतर वीसपेक्षा कमी) कामगार असतील तर नोंदणीची भानगड नाही, नुसती ऑनलाइन सूचना द्यायची आणि तिची पावती घ्यायची. उद्यम नोंदणीला तर सरकार एक रुपया घेत नाही. माझ्याकडून एका सेंटरवाल्यानं हजार रुपये घेतले होते, आणि पावती हातात पडल्यावर मी त्याचे आभारही मानले होते.

१. दुकान आधी स्वतःच्या ताब्यात घ्या

गुगलवर आपल्या दुकानाचं जे पान असतं त्याला बिझनेस प्रोफाइल म्हणतात. पूर्वी त्याचं नाव गुगल माय बिझनेस होतं, ते २०२१ मध्ये बदललं, आणि पुढे त्याचं वेगळं ॲपही बंद झालं. म्हणून जुने व्हिडिओ बघून प्ले स्टोअरवर ते ॲप शोधत बसू नका. आता सगळं गुगल सर्चमधून नाहीतर मॅप्समधूनच होतं. आपल्या खात्यानं लॉगिन करायचं, दुकानाचं नाव टाकायचं, पान वर येतं.

तुम्ही काही केलेलं नसलं तरी पान आधीच तयार असू शकतं, कारण येणारेजाणारेसुद्धा जागा टाकून जातात. तसं असेल तर त्यावर आपला हक्क सांगा. दुसऱ्याच कुणीतरी ते आधी ताब्यात घेतलेलं असेल तर तिथूनच मालकी मागता येते. समोरच्याला उत्तराला तीन दिवस मिळतात. बऱ्याचदा हा 'दुसरा' म्हणजे कधीतरी येऊन गेलेला एखादा 'ऑनलाइन करून देतो' वाला असतो. त्यानं पान स्वतःच्या खात्यावर केलेलं असतं, आणि पुढे दरवर्षी त्यालाच पैसे देत बसावं लागतं. कुणाकडून करून घेतलंत तरी मालक म्हणून तुमचंच खातं लावा आणि त्याला मॅनेजर म्हणून जोडा.

पडताळणीला बहुतेक वेळा व्हिडिओ मागतात. तो न तोडता एका दमात काढायचा. रस्ता आणि शेजारचं दुकान दाखवा, मग आपली पाटी, मग कुलूप उघडून आत या, आतलं सामान दाखवा. मी वाइंडिंगचं मशीन, तारेची रिळं आणि खोलून ठेवलेली एक पानबुडी दाखवली. कुलूप उघडणं महत्त्वाचं, कारण किल्ली मालकाजवळच असते. गुगल म्हणतं की बघायला पाच कामाचे दिवस लागू शकतात. तेवढे थांबा, रोज नवा व्हिडिओ पाठवू नका.

यात फसायच्या तीन जागा आहेत.

पहिली, नावात भर घालणं. मी पाटीवरच्या नावापुढं 'नंबर वन मोटार वाइंडिंग अंबाजोगाई' असं जोडलं होतं. गुगलच्या नियमात हे बसत नाही, पान बंद पडू शकतं. माझं पडलं. अर्ज करून परत चालू होईपर्यंत ऐन हंगामातले तीन आठवडे गेले.

दुसरी, नकाशावरची खूण. ती मागच्या गल्लीत पडली असेल तर माणूस जळालेली मोटार घेऊन गल्लीबोळ हिंडतो, वैतागतो, आणि काम न करून घेताच एक तारा देऊन जातो. दुकानासमोर उभं राहून खूण नीट बसवा.

तिसरी, फोन. "गुगलमधून बोलतोय, तुमचं दुकान नकाशावरून काढून टाकणार आहेत" असा फोन आला तर ठेवून द्या. प्रोफाइल फुकट असतं, आणि ओटीपी कुणालाच सांगायचा नसतो.

२. लिंक काढा, क्यूआर छापा

पानावर रिव्ह्यूच्या भागात 'आस्क फॉर रिव्ह्यूज' किंवा 'गेट मोअर रिव्ह्यूज' असं लिहिलेलं सापडेल. त्यावर बोट ठेवलं की एक छोटी लिंक आणि क्यूआर कोड मिळतो. ही लिंक दाबली की गिऱ्हाईक सरळ तारे द्यायच्या जागी पोचतं. "गुगलवर जा, दुकानाचं नाव टाका, खाली जा, रिव्ह्यू शोधा" असं सांगितलं तर दहातले नऊ जण "संध्याकाळी टाकतो" म्हणतात, आणि ती संध्याकाळ काही येत नाही.

व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये 'क्विक रिप्लाय' असतं. मेसेज एकदा लिहून ठेवला की तिरकी रेघ आणि एक शब्द टाकला की तो पूर्ण उमटतो. लिंक त्यातच घालून ठेवा.

क्यूआरचं मात्र आमच्याकडं वेगळंच झालं. मी तो छापून काउंटरवर पैशाच्या क्यूआरशेजारी लावला. दुसऱ्याच दिवशी एका मामांनी फोनपेनं तो स्कॅन केला आणि म्हणाले, "तुमचा कोड खराब झाला बगा, पैसे जाईनात." पुढचा आठवडाभर रोज हेच. लोकांच्या डोक्यात क्यूआर म्हणजे पैसे. शेवटी तो तिथून काढला, बाकड्यासमोरच्या भिंतीवर लावला आणि वर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'इथं पैसे नाहीत. काम कसं झालं ते लिहा. मोबाइलच्या कॅमेऱ्यानं बघा.' मग घोटाळा थांबला.

३. कधी मागायचं

माझं सगळ्यात जास्त चुकलं ते इथंच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सुरुवातीला मी मोटार देतानाच मागायचो. मोटार टेबलावर फिरवून दाखवली, आवाज ऐकवला, पैसे घेतले, आणि लगेच "रिव्ह्यू टाका". लोक हो म्हणायचे आणि टाकायचे नाहीत. मला वाटायचं, माणसं आळशी आहेत. एक दिवस एका पोरानं तोंडावर सांगितलं, "काका, मोटार अजून बोअरात गेली नाही. पाणी पडल्याशिवाय काय लिहू?"

खरंच होतं. माझं काम टेबलावर संपतं, पण त्याचं काम पाइपातून पाण्याची धार पडेपर्यंत संपत नाही. मध्ये पाइप जोडणं आहे, केबल आहे, दोर आहे, दहा माणसं आहेत, आणि लाइटीची पाळी आहे. शेतीची थ्री फेज कधी दिवसा असते, कधी रात्री. आज मोटार नेली म्हणजे आज चालली असं होत नाही. एखादा रात्री दोन वाजता हिरीवर उभा राहून पहिली धार बघतो. त्या वेळी त्याला झालेला आनंद मी दुकानात बसून बघूच शकत नाही, पण मागायची खरी वेळ तीच.

आता मी वहीत दोन तारखा लिहितो, मोटार नेली ती आणि मोटार बोअरात किंवा हिरीत सोडली ती. नेताना विचारून ठेवतो, "कधी सोडणार? लाइट कधीची आहे?" मग पाळी दिवसाची असेल तर त्याच संध्याकाळी, रात्रीची असेल तर दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला फोन करतो. फोनवर आधी रिव्ह्यूचं नाव काढत नाही. पाणी पडलं का, अँपिअर किती घेती, थरथर तर नाही ना, एवढंच विचारतो. पलीकडून "मस्त चालायली भाऊ" येवो नाहीतर तक्रार, बोलणं झालं की लिंक सगळ्यांनाच.

या फोनचा एक फायदा मी धरलाच नव्हता. चार-पाच जणांनी सांगितलं की फेज उलटे लागलेत, पाणी कमी येतंय. दोन तारा अदलाबदल करायला लावल्या आणि काम झालं. तो फोन गेला नसता तर हेच लोक माझ्या नावानं बोटं मोडत बसले असते.

तुमच्या धंद्यात 'पाणी पडायची' वेळ कोणती, ते तुम्ही शोधा. लातूरच्या मेसवाल्याची वेळ पोरगं महिनाभर जेवून गावाकडं जातं आणि आई म्हणते "वाळला नाहीस की", ती असेल. ब्लाउज शिवणाऱ्या ताईंची वेळ कपडे देतानाची नाही, लग्न पार पडल्यानंतरची. बियाण्याच्या दुकानदारानं पेरणीला मागू नये, उगवण झाल्यावर मागावं. तुळजापूर-औंढ्याकडच्या लॉजवाल्यानं खोली सोडताना घाई करू नये. माणूस दर्शन करून, गाडीत बसून घराकडं निघाला की मेसेज पाठवावा.

आणि एक वेळ कायमची टाळा, उधारी मागायची. बाकी मागायच्या फोनवरच रिव्ह्यू मागितला तर समोरच्याला वाटतं, तारे दिले की बाकीत सूट मिळेल. मी एकदा ही चूक केली. त्यानं पाच तारे दिले, आणि बाकी अजून यायचीच आहे.

४. काय बोलायचं, काय लिहायचं

मागायची लाज वाटते, हे मला माहीत आहे. आपल्याकडं स्वतःचं कौतुक करा म्हणणं म्हणजे हलकेपणा. माझी लाज गेली ती शब्द बदलल्यावर. "मला स्टार द्या" म्हणायचं सोडलं आणि "तुमच्यासारख्याच दुसऱ्या शेतकऱ्याला अंदाज येईल" म्हणायला लागलो. यात खोटं काही नाही. नव्या माणसाला खरंच कळत नाही कुणाकडं जावं.

माझा मेसेज असा आहे, हवा तर उचला आणि आपल्या बोलीत बदला:

"नमस्कार मामा. तुमची ५ एचपीची पानबुडी भरून दिली होती. पाणी नीट पडतंय ना? काही अडचण असेल तर कधीही फोन करा. काम कसं झालं ते खालच्या निळ्या ओळीवर बोट ठेवून दोन ओळी लिहा. जसं वाटलं तसंच लिहा. (लिंक) — (दुकानाचं नाव)"

काम कोणतं केलं ते मेसेजमध्ये येऊ द्या. मग माणूसही तेच लिहितो: '५ एचपी पानबुडी भरली, दोन दिवसांत दिली, कॉपर चांगलं वापरलं.' नुसत्या 'छान' या शब्दापेक्षा पिकअपवाल्याला याचा उपयोग जास्त. पण काय लिहायचं ते तुम्ही लिहून देऊ नका. मी सुरुवातीला एकच मजकूर सगळ्यांना पाठवला, त्यांनी तसाच चिकटवला. सलग सहा रिव्ह्यू अक्षराला अक्षर सारखे. वाचणारा काय समजायचा ते समजतोच.

मेसेज एकदाच पाठवा, फार तर आठवड्यानं एक आठवण. तिसऱ्यांदा नाही. आणि ब्रॉडकास्टच्या, म्हणजे एकच मेसेज एकदम सगळ्यांना पाठवायच्या, नादी लागू नका. ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो पोचतो, आणि अनोळखी लोकांना धडाधड पाठवत सुटलात तर ते स्पॅम म्हणून कळवतात आणि नंबरच बंद होतो. धंद्याचा नंबर बंद होणं म्हणजे काय, ते ज्याचा झाला त्याला विचारा.

५. ज्याला टाइप करता येत नाही त्याचं काय

आमचं निम्मं गिऱ्हाईक यात येतं. यूट्यूब बघतात, व्हॉट्सॲपवर बोलून पाठवतात, पण लिहा म्हटलं की "मला न्हाई जमत, पोराला सांगतो".

त्यांना कीबोर्डवरचा माइक दाखवा. जीबोर्डमध्ये (गुगलच्या कीबोर्डमध्ये) मराठी भाषा एकदा जोडली की बोललेलं मराठीत उमटतं. दुकानात बसलेल्या माणसाला हे दाखवायला दोन मिनिटं लागतात, आणि ते शिकून तो पुढे सगळीकडं वापरतो. एका आबांनी असं बोलून टाकलेलं 'मोटार लय झकास वडती पाणी' माझ्या पानावर अजून आहे. त्यात दोन शब्द चुकलेत. दुरुस्त करा म्हणून मी त्यांना कधी सांगितलं नाही. खरं माणूस असंच बोलतं.

रिव्ह्यू मराठीत असला तर बाहेरच्याला कळणार नाही, ही भीती सोडा. मॅप्समध्ये भाषांतर होतं. आणि ज्याला बोलायचंही नाही त्यानं नुसते तारे दिले तरी चालतात, मजकूर सक्तीचा नसतो. बसवलेल्या मोटारीचा किंवा धारेचा फोटो टाकला तर उत्तम.

रिव्ह्यूला गुगल खातं लागतं. अँड्रॉइड फोनवर प्ले स्टोअर चालतं म्हणजे खातं असतंच, बऱ्याचदा मोबाइलच्या दुकानवाल्यानं उघडून दिलेलं. त्यामुळे नावं काहीही असतात. माझ्याकडं एक रिव्ह्यू 'जय मल्हार' यांचा आहे. लिहिण्याआधी एवढं सांगा, की वेगळं टोपणनाव लावलं नसेल तर खात्यावरचं नाव आणि फोटो सगळ्यांना दिसतो. काही ताईंना ते नको असतं. मग आग्रह करू नका.

आणि त्यांच्याऐवजी तुमच्या फोनवरून लिहून देऊ नका. एकाच फोनवरून वेगवेगळ्या खात्यांनी लिहिलेलं संशयास्पद दिसतं. व्हॉट्सॲपवर कुणी चांगलं बोलून पाठवलं असेल तर ते तुम्ही उचलून टाकायचं नाही, त्यांनाच म्हणा, "हेच तिथं टाकता का?"

६. हे करू नका

आता पुतण्याचा किस्सा. दोन रिव्ह्यू बघून मी खजील झालो, तर तो म्हणाला, "काका, एका रात्रीत करतो." त्यानं कॉलेजचे मित्र गोळा केले आणि सकाळी माझ्या दुकानाला चौदा नवे पाच तारे. मी पेढे वाटायचा बाकी होतो. पंधरवडा गेला नाही तोवर सगळे गायब. त्यासोबत माझ्या एका खऱ्या गिऱ्हाइकाचाही गेला, तो परत आलाच नाही.

गुगल अशा रिव्ह्यूवर नजर ठेवतं. नुसते काढून थांबत नाही. काही काळ नवे रिव्ह्यू घेणं बंद करू शकतं, आणि 'इथले खोटे रिव्ह्यू काढले आहेत' अशी सूचना पानावर सगळ्यांना दिसेल अशी लावू शकतं. चौकात पाटी लागल्यासारखंच ते. स्वतःच्या दुकानाला स्वतः, घरच्यांनी किंवा कामगारांनी रिव्ह्यू देणंही नियमात बसत नाही. दुसऱ्या दुकानाला मुद्दाम वाईट लिहिणं तर नाहीच.

रिव्ह्यूच्या बदल्यात काही देऊ नका. सूट नाही, कॅपॅसिटर फुकट नाही, लकी ड्रॉ नाही. गुगल ते चालू देत नाही. आपल्या देशातही भारतीय मानक ब्युरोनं नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूसाठी आयएस १९००० : २०२२ हे मानक काढलं. विकत घेतलेले किंवा त्याच कामासाठी ठेवलेल्या माणसांनी लिहिलेले रिव्ह्यू छापू नयेत, असं त्यात आहे. मानक ऐच्छिक आहे, पण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहेच, आणि खोट्या गोष्टींनी गिऱ्हाइकाला फसवणं त्यात बसत नाही. एका गिऱ्हाइकानं मला सरळ विचारलं, "पाच तारे देतो, किती कमी करतो?" मी म्हणालो, चहा पाजतो, पण तो न देणाऱ्यालाही पाजतोच.

दुकानातल्या पोराला 'रिव्ह्यूमागे पन्नास रुपये' असंही ठरवू नका. मी ठरवलं होतं. महिनाअखेरीला आलेल्या नावांत त्याचा मेहुणा निघाला.

यातला शेवटचा सापळा सभ्य माणसांसाठी आहे, कारण तो चुकीचा वाटत नाही. माझा जुना मेसेज असा होता: 'काम आवडलं असेल तर इथं लिहा, नसेल तर मला फोन करा.' दिसायला किती शहाणपणाचं! पण फक्त खूश माणसांना निवडून लिंक द्यायची आणि नाखूश माणसाला तिथून वळवायचं, हेही गुगलला मंजूर नाही. म्हणून आता अडचणीचा फोन सगळ्यांसाठी आणि लिंकही सगळ्यांसाठी. ज्याच्याशी माझी पैशावरून तू-तू मैं-मैं झाली, त्यालाही तोच मेसेज जातो. पाठवताना हात थरथरतो, खोटं कशाला बोलू. पण नुसते पाच तारे असलेलं पान मलाही खोटंच वाटतं.

७. एक तारा आला तर

येणार. मला आला त्या दिवशी जेवण गेलं नाही. लिहिलं होतं: 'पंधरा दिवसांत मोटार परत जळाली, कॉपर हलकं वापरतात, जाऊ नका.' मी जाणून होतो की त्याच्या डीपीवर (शेताकडच्या लाइटीच्या ट्रान्सफॉर्मरवर) व्होल्टेज पडतं आणि एक फेज जातो, त्याच्या शेजाऱ्यांच्याही मोटारी जळाल्या होत्या. मी तावातावानं उत्तर लिहिलं, त्यात त्याचं गाव, त्याच्याकडची बाकी, सगळं काढलं. नशीब, टाकायच्या आधी बायकोनं वाचलं. ती म्हणाली, "हे वाचून कोण येईल तुमच्याकडं?"

दुसऱ्या दिवशी टाकलं ते असं:

"दादा, मोटार परत जळाली याचं वाईट वाटलं. मोटार दुकानात आणा, तुमच्यासमोर खोलून बघू. तार हलकी निघाली तर मोफत भरून देईन. व्होल्टेज किंवा फेजमुळं जळाली असेल तर तेही दाखवीन आणि पुढे जळू नये म्हणून काय बसवायचं ते सांगीन."

तो आला. खोलल्यावर एका फेजच्या कॉइल काळ्याठिक्कर, बाकीच्या चांगल्या, म्हणजे भार सगळ्यांवर सारखा नव्हताच. त्याला फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटार बंद करणारं यंत्र) बसवून दिला, भरायची मजुरी निम्मी घेतली. रिव्ह्यू बदला असं मी म्हणालो नाही. महिनाभरानं त्यानंच एकाचे चार तारे केले. लिहिणाऱ्याला आपला रिव्ह्यू नंतर बदलता येतो, हे तेव्हा मला पहिल्यांदा कळलं.

उत्तर देताना नंबर, गाव, बाकी, घरच्या गोष्टी लिहू नका. एक रात्र जाऊ द्या. तुमचं उत्तर त्या एका माणसापेक्षा पुढचे शंभर जण वाचणार आहेत.

रिव्ह्यू काढून टाकावा अशी तक्रार गुगलकडं करता येते, पण ती शिवीगाळ, धमकी, कधीच न आलेल्या माणसानं किंवा स्पर्धकानं लिहिलेलं, भलत्याच दुकानाचं, अशा नियम मोडणाऱ्या रिव्ह्यूला. 'तो खोटं बोलतोय, मी खरा' या भांडणात गुगल पडत नाही. नुसतं कामावर नाराज असलेल्या माणसाचा रिव्ह्यू तिथंच राहतो. आणि 'रिव्ह्यू काढून देतो, इतके रुपये' म्हणणारे फोन आले तर वर सांगितलंय तसंच, ठेवून द्या.

८. पुढे चालू कसं ठेवायचं

एका महिन्यात पन्नास आणि मग वर्षभर शून्य, यापेक्षा आठवड्याला दोन-तीन बरे. माझ्याकडं आता रोज संध्याकाळी दुकान बंद करताना वही उघडायची, ज्यांनी मोटार सोडली असेल त्यांना फोन करायचे, एवढंच. दहा फोन केले तर तीन-चार जण लिहितात. खरिपाच्या पेरणीत कुणी लिहीत नाही, तेव्हा मी पाठवतही नाही.

आलेल्या प्रत्येक रिव्ह्यूला उत्तर द्या, चांगल्यालाही. 'धन्यवाद' सगळ्यांना एकसारखं चिकटवू नका. 'तात्या, पानबुडी खाली ठेवताना दोर बदला, जुना झालाय' असं काहीतरी कामाचं लिहा. रिव्ह्यू टाकूनही पानावर दिसला नाही तर थोडे दिवस थांबा, कधीकधी तपासणीत उशीर होतो. गिऱ्हाइकाला परत परत टाकायला लावू नका.

पोळ्याला, दिवाळीला, यात्रेला दुकान बंद असेल तर तशी वेळ पानावर टाका. भिंतीवरच्या क्यूआरला लॅमिनेशन करून घ्या. माझा पहिला कागद ग्रीसच्या हातांनी चार महिन्यांत इतका काळा झाला की कॅमेऱ्याला त्यात काहीच दिसेना, आणि हे मला सांगितलं ते एका नव्या पिकअपवाल्यानं, तो लिहायला उभा होता तेव्हा.